पटावरून कमी

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. वेळापत्रक लागलं. दहावी क – गणित – मनोज सर!

मनोज सर! पी.टी.चे! मी दोनदा वाचलं. विज्ञानापुढे तर नावच नाही, नुसती रेघ. शिकवणाऱ्या बाई एप्रिलमध्ये निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरलेली नाही. भरतील असंही कुणी म्हणत नाही.

आणि माझे सगळे तास दहावी अ ला. गणिताचे दोन्ही भाग, विज्ञानाचे दोन्ही भाग, वर शनिवारी जादा तास. अ म्हणजे सेमी इंग्रजी, निवडून घेतलेली मुलं. त्यात आमची लेक रुचिराही.

मुख्याध्यापिकांकडे गेले. विद्युल्लताबाई. म्हटलं, क चं निदान विज्ञान तरी मला द्या. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग हळूच – "हे मला नको विचारूस गं, आसावरी. घरी विचार."

घरी! बरोबरच आहे म्हणा. संस्थेचे कार्यवाह म्हणजे माझे सासरे. शाळेत ते दत्तोपंत, घरी अप्पा. मी कुठल्याही दाराने गेले तरी समोर तेच बसलेले.

१७ जून

विचारलं नाही.

२० जून, शुक्रवार

विचारलं. सकाळी, चहाला. अप्पा पेपरातून वर न बघता म्हणाले, "अ मध्ये तुझी स्वतःची मुलगी आहे. तिचं दहावीचं वर्ष आहे. आणि तुला क सुचतंय?"

आल्हादने माझ्याकडे बघून नुसता हात हलवला. म्हणजे नंतर. नवऱ्याचं हे 'नंतर' मला चांगलं ओळखीचं आहे. ते येत नाही.

अप्पा वाईट नाहीत. मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे रागात मीच विसरेन. त्यांनी सगळा जन्म गणित शिकवलं. शाळा बंद पडायला आली होती तेव्हा कामतघरच्या चाळींतून दारोदार फिरून मुलं गोळा केली. अ तुकडी त्यांनीच काढली. अ चा निकाल शंभर टक्के लागतो, तो फाटकावरच्या फलकावर रंगवला जातो, तो बघून पालक येतात, पट टिकतो. पट टिकला की शिक्षक टिकतात.

"तुकडी तुटली तर अतिरिक्त शिक्षक कोण ठरेल, ठाऊक आहे ना? तू. पाठवतील जव्हारला. मग कर तिथे बसून समता!"

मी कप उचलून आत गेले. 

४ जुलै, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे शाळेमागचे कापडाचे लूम बंद. एरवी क च्या खिडकीबाहेरची ती खटखट इतकी असते की आत काय चाललंय ते व्हरांड्यात कळतच नाही. आज कळलं. काहीच चाललं नव्हतं.

मुलं गाइडमधली सोडवलेली गणितं वहीत उतरवत होती. जशीच्या तशी, मान खाली घालून, अगदी सुवाच्य. मनोज सर टेबलाशी बसलेले. मला बघून बाहेर आले. "मॅडम, खरं सांगू? मला स्वतःला दहावीला गणितात पस्तीस होते. मी काय शिकवणार ह्यांना? पण तास घे म्हणाले. घेतो."

त्यांच्यावर रागावता येईना.

पहिल्या बाकावर मैना. शेलार गावची. आठवीपर्यंत ही आणि रुचिरा एका बाकावर होत्या – डबा एकीचा, खायच्या दोघी. मग सेमीची निवड चाचणी झाली. पेपर इंग्रजीत. रुचिराला इंग्रजी मी घरी शिकवलेलं होतं. मैनाला कोण शिकवणार?

तिला विचारलं, काही कळतंय का गं? म्हणाली, "सर चांगले हायेत बाई. मारत न्हाईत."

पोरीची अपेक्षा एवढीच!

८ जुलै, मंगळवार

ठरवलं आणि केलं. कुणाला विचारलं नाही. परिपाठाच्या तासभर आधी पोचले, क ला कालच निरोप दिला होता. निम्मी मुलं आली. निम्मी आली!

फळ्यावर एक समीकरण घातलं. पहिल्याच पायरीला अडकलो. उणे तीन वजा पाच किती? कुणी दोन म्हणालं, कुणी आठ, कुणी उणे दोन. म्हणजे गाठ दहावीतली नाहीच, सातवीतली आहे. त्यावर तीन वर्षं मजले चढवलेत.

मग उणे गुणिले उणे. मी सवयीने म्हटलं – उणे उणे अधिक. साईनाथ मागून – "कायको?"

साईनाथ पद्मशाली घरातला. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी. वडील लूमवर. त्याला उद्धटपणा करायचा नव्हता, खरंच विचारत होता. आणि मी थांबले. इतकी वर्षं अ ला शिकवतेय, हे मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. मी सांगते, ते लिहून घेतात, पेपरात येतं, बरोबर येतं. कशाला विचारतील?

म्हटलं, "परवा सांगते."

१० जुलै, गुरुवार

सांगितलं. तीन गुणिले उणे दोन – उणे सहा. दोन गुणिले – उणे चार. एक – उणे दोन. शून्य – शून्य. एकाखाली एक लिहीत गेले आणि खडू साईनाथच्या हातात दिला. आता उणे एक गुणिले उणे दोन, काय येईल?

तो बघत राहिला. वरून खाली, खालून वर. "हर बार दो बढ रहा है... मग आता – दोन? अधिक दोन?" आणि मागे वळून वर्गाला, मोठ्याने, "अरे आपोआप येतंय!"

आपोआप येतंय! रिक्षात बसल्यावरही मला हसू येत होतं. शेजारची बाई सरकून बसली.

२२ जुलै, मंगळवार

प्रयोगशाळा मागितली. ठकुबाई शिपाई बिचारी किल्ली हातात धरून उभी. "बाई, क ला उघडायची न्हाय असं सांगून ठेवलंय. काचा फुटतात म्हणं." गेल्या पाच वर्षांत एक परीक्षानळी फुटली आहे, ती अ मध्ये, ती मीच फोडली.

मग घरचं भिंग नेलं. रुमालात गुंडाळून, पर्समधून. खिडक्यांना जुन्या सतरंज्या लावल्या, एक फट ठेवली. भिंग पुढे-मागे केलं आणि भिंतीवर समोरच्या शेडचा पत्रा, विजेचा खांब, तारेवरचा कावळा – सगळं उलटं! कावळा उडाला तोही उलटा. पोरं किंचाळली. मला वाटलं, आता विद्युल्लताबाई येणार.

आणि मैना. बाकावरून उठून अगदी भिंतीशी गेली. मग म्हणाली, "बाई, भिंगावर अर्धा हात ठेवला तर भिंतीवर अर्धंच दिसंल का?"

मी म्हटलं, तुला काय वाटतं? वर्गात दोन तट पडले. बहुतेक सगळे अर्ध्याच्या बाजूचे.  मग मैनानेच हात ठेवला. भिंतीवर पत्रा पूर्ण, खांब पूर्ण – फक्त फिकट झालेलं.

 मग साईनाथ, "मॅडम, फिर से."

हात काढला, ठेवला, काढला. परिपाठाची घंटा झाली तरी कुणी उठेना.

२४ जुलै, गुरुवार

तोच प्रश्न अ ला विचारला. अर्धं भिंग झाकलं तर? सगळे वहीत बघायला लागले. मग एकाने विचारलं, "टीचर, हे बोर्डाला येतं का?"

आकृती मात्र सगळ्यांची सुबक. व्याख्या इंग्रजीत, तोंडपाठ.

घरी रुचिरा चिडलेली. भाजी निवडत होते तिथे येऊन उभी राहिली. "मैनाने सांगितलं मला, तू त्यांना भिंतीवर कावळा दाखवलास. आम्हाला का नाही? आम्हाला फक्त लिहून देतेस!"

मी म्हटलं, तुमचा पोर्शन संपवायचा असतो गं, अप्पांनी ऑगस्टअखेर सांगितलंय.

"मग शाणे कोण झाले, ते की आम्ही?" आणि निघून गेली.

 एका वर्गाला बाई नाही, दुसऱ्याला बाई आहे आणि ती नुसती लिहून देते. माझा समज होता की नुकसान फक्त क चं होतंय!

६ ऑगस्ट, बुधवार

कळलं अप्पांना. कुणी सांगितलं ते विचारलं नाही, काय उपयोग.

जेवताना काढलं त्यांनी. आवाज चढवत नाहीत कधी. "उद्यापासून लवकर निघायची गरज नाही. शाळेच्या वेळेत शाळा. त्या मुलांना उगाच आशा लावू नये. सहा महिन्यांत सातवीपासूनचं भरून निघत नसतं, हे मी गणिताचा मास्तर म्हणून सांगतोय, कार्यवाह म्हणून नाही."

मी म्हटलं, "अप्पा, भरून निघतंय. मी बघतेय."

"तू कावळे दाखवतेस."

आल्हाद ताटात बघत होता. नंतर मागच्या बाल्कनीत मला म्हणाला, "एवढं एक वर्ष जाऊ दे ना. रुचिराची दहावी झाली की बोलू आपण." बँकेतून येताना काशेळीच्या पुलावर दीड तास अडकलेला माणूस, दमलेला. त्याच्याशी काय भांडायचं! पण दर वर्षी कुणाची ना कुणाची दहावी असतेच.

७ ऑगस्ट

लवकर निघाले नाही. कुणी दाराला कडी घातली नव्हती. मीच निघाले नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

ठकुबाई म्हणाली, तीन दिवस पोरं लवकर येऊन फाटकाशी उभी होती. आज आली नाहीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ठाण्याला प्रशिक्षण. विषय – विज्ञान आणि गणित अध्यापनातली गुणवत्ता आणि समता! एसी हॉल, पडद्यावर सरकत्या पाट्या. 'प्रत्येक मूल शिकू शकते.' खाली हसऱ्या मुलांचं चित्र.

शंभर टक्के निकालवाल्या तुकड्यांच्या शिक्षकांनी अनुभव सांगायचे होते. माझं नाव पुकारलं. गेले. माइक हातात आला. खरं बोलायचं असतं तर हीच जागा होती.

मी सराव चाचण्या, जादा तास, पालकसभा असं सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. गुलाबाचं फूल मिळालं. ते रिक्षातच ठेवून उतरले.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपती झाले, घटक चाचणीचे निकाल आले. क चे व्हायचे तेच झाले. साईनाथ कसाबसा पार. मैनाला विज्ञानात चांगले, गणितात पस्तीसला थोडे कमी.

सभा. अप्पा मधल्या खुर्चीत. यंदा फलकावर फक्त अ चा नाही, अख्ख्या शाळेचा शंभर टक्के लावायचा आहे. शेजारी नवी इंग्रजी शाळा निघालीय, पट गळतोय. मग काय करायचं? गणितात किंवा विज्ञानात पस्तीसच्या खाली जो असेल, त्याचा दाखला काढायचा आणि त्याला सतरा नंबरचा अर्ज भरायला लावायचा. मूल बाहेरून परीक्षेला बसेल. पास झालं तर छान. नापास झालं तर ते आपलं नाही.

"ह्या वेळी क चे. सहामाहीनंतर पुन्हा एकदा चाळणी लावू," अप्पा म्हणाले. चाळणी!

मी उठले. म्हणजे उठले असं मला वाटलं. प्रत्यक्षात खुर्चीतूनच बोलले. "सर, ह्यांना जूनपासून विषयाचा शिक्षक दिला नाही. आणि आता शिकले नाहीत म्हणून काढायचं?"

सगळ्या स्टाफरूममध्ये एकदम पाणी पिण्याचे, कागदांचे आवाज. अप्पा शांतपणे म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे. सारखा म्हणजेच समता. प्रशिक्षणात शिकवलं असेल तुम्हाला."

शाळेत मला ते 'तुम्ही' म्हणतात.

१० सप्टेंबर, बुधवार

विद्युल्लताबाईंनी बोलावलं. पालकांना पटवायला घरोघर जायचं आहे. "तू जा, आसावरी. तुझं ऐकतील. त्या मुलांचा तुझ्यावर जीव आहे."

म्हणून मीच!

म्हटलं, मी नाही जाणार. त्या म्हणाल्या, "मग मनोज सर जातील. ते दोन वाक्यांत उरकतील, पालक घाबरतील, अर्ज कसा भरायचा तेही नीट कळणार नाही त्यांना. तू गेलीस तर निदान नीट होईल." आणि अगदी हळू – "माझी मार्चमध्ये निवृत्ती आहे. पेन्शनचे कागद संस्थेच्या सहीवाचून हलत नाहीत."

बाईंचे डोळे भरले होते. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाच राग आला.

नीट होईल. हा शब्द सकाळपासून डोक्यात फिरतोय. एखादी वाईट गोष्ट नीट करता येते का?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गेले. शेलारला.

मैनाचं घर रस्त्याच्या कडेला. मागे पूर्वी त्यांची भाताची खाचरं होती, तिथे आता गोदामाची निळी भिंत. वडील हिरामण काल्हेरच्या गोदामात शिफ्टला असतात, नुकतेच ड्युटीवरून आलेले. मला बघून लगबगीने शर्ट चढवला, खुर्ची पुसली. "बाई, बसा, बसा. आमची मैना तुमचा लय नाव घेतं."

मी सांगितलं. बाहेरून परीक्षा देता येते. वर्ष वाया जात नाही. पुस्तकं तीच, पेपर तोच, सर्टिफिकेट तेच. एकही शब्द खोटा नव्हता. एकही!

त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "मंग एसटीचा पास मिलंल ना?"

नाही म्हटलं. पास शाळेत असलेल्या मुलांना.

"आनि शिकवील कोन?"

मी म्हटलं, घरी अभ्यास करायचा. काही अडलं तर मी आहे. मी आहे म्हणाले! शाळेच्या गेटपर्यंत लवकर जायला घाबरणारी मी.

हिरामणनी कागद पुढे ओढला. "आमाला काय कलतंय बाई त्यातला. तुमी सांगताव म्हंजे बराच आसंल." आणि सही केली. सावकाश, एकेक अक्षर सुटं.

मैना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चहा तिनेच आणला होता. मला म्हणाली, "बाई, म्हंजे उद्यापासून मी शालेत येवाचा न्हाय?"

मी मान हलवली. काय मान हलवली, हो की नाही, मलाच ठाऊक नाही.

"मना किती कमी पडले?"

चार, म्हटलं.

"चारच?" ती म्हणाली. रडली नाही. आत गेली. मी निघताना तिची आई म्हणत होती, घरी बसून काय करंल, माझ्यासंगं गोदामात पॅकिंगला येईल, घेतात पोरींना.

अजून तीन घरं झाली. सगळीकडे चहा प्यायले. सगळ्यांनी सही केली.

१३ सप्टेंबर, शनिवार

रुचिरा – "तू गेलीस? तिच्या घरी? तूच?"

मी म्हटलं, दुसरं कुणी गेलं असतं तर –

तिने पुढचं ऐकलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आई, तू आमच्या वर्गात मला सगळ्यात जास्त आवडतेस," एवढंच म्हणाली, "म्हणजे आवडायचीस." आणि दप्तर घेऊन अप्पांच्या खोलीत गणिताला गेली. सकाळी ते तिला शिकवतात. दाराआडून त्यांचा आवाज येत होता, मायेने, सावकाश समजावणारा. इतकं छान शिकवतात ते! हेच क ला मिळालं असतं तर.

१६ सप्टेंबर

क मध्ये बाकं रिकामी. मनोज सरांनी उरलेल्यांना पुढे सरकवलं. गाइड चालू.

२२ सप्टेंबर, सोमवार

आल्हादशी शेवटी बोलले. 'नंतर' ची वाट न बघता. तो खरंच गेला अप्पांकडे, हे मान्य केलं पाहिजे. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"अप्पा, त्या मुलांना निदान ह्या शाळेतून परीक्षा तरी –"

"तू तुझी बँक बघ. शाळा मी बघतो."

संपलं. परत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला त्याने. मीही त्याच्या हातावर ठेवला. ह्या घरात सगळे एकमेकांशी किती चांगले वागतात! आणि कुणाला काहीही करता येत नाही.

राजीनाम्याचा विचार आला. मग? अ चं दहावीचं वर्ष मधेच सोडायचं? त्या मुलांनी काय केलंय? आणि माझ्या जागी कोण येईल – कुणीच नाही, रेघ येईल. फ्लॅटचा हप्ता आहेच. जायचं म्हटलं तरी ह्याच घरी यायचं.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेलारला गेले होते, शाळा सुटल्यावर. कुणाला न सांगता. दोन पुस्तकं आणि माझ्या टिपणांच्या झेरॉक्स घेऊन. मैना घरी नव्हती. पॅकिंगला. आई म्हणाली, "आता संध्याकाली येतं, मंग झोपतं. बुक उघडत न्हाय."

पुस्तकं ठेवून आले.

घरी उशीर का झाला ते कुणी विचारलं नाही. रुचिराने फक्त माझ्या चपलांकडे बघितलं. शेलारच्या कच्च्या वाटेचा चिखल होता.

६ ऑक्टोबर, सोमवार

सहामाही सुरू. सभेत पुन्हा तेच ठरलं. चाळणी निकालानंतर लगेच, दिवाळीच्या सुट्टीआधी. ह्या वेळी अ, ब, क तिन्ही तुकड्यांना, म्हणजे कुणी पक्षपात म्हणायला नको. अ मध्ये कुणी सापडणार नाहीच, हे सगळ्यांना ठाऊक.

विद्युल्लताबाई माझ्याकडे बघत होत्या. पुन्हा घरोघर कोण जाणार, ते त्या नजरेत होतं. मी म्हटलं, मी जाणार नाही. ह्या वेळी खरंच. त्या म्हणाल्या, "बरं." म्हणजे मनोज सर जातील. माझ्या नकाराने एकही मूल पटावर राहत नाही. फक्त माझे हात स्वच्छ राहतात.

साईनाथ पेपरला जाताना दिसला. "मॅडम, उणे उणे आला तर जमेल मला," हसत म्हणाला. पण आता त्याच्या पुढचं कुणी शिकवलेलं नाही त्याला.

८ ऑक्टोबर, बुधवार

गणित भाग एकचा पेपर. रुचिरा वेळेआधी अर्धा तास बाहेर आली. अप्पांनी विचारलं, कसा गेला? म्हणाली, "झाला." ते खूश. "तयारीच तशी आहे पोरीची!" संध्याकाळी तिच्यासाठी खरवस घेऊन आले. तिने खाल्ला नाही. पोट बरं नाही म्हणाली.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसराही पेपर तसाच. लवकर बाहेर. माझ्याशी महिन्याभरात पहिल्यांदा आपणहून बोलली – "आई, आमचे पेपर तूच तपासणार ना?"

हो म्हटलं. दुसरं कोण?

"मग ठीक आहे."

१३ ऑक्टोबर, सोमवार

गठ्ठा उघडला. रुचिराची गणिताची उत्तरपत्रिका – आसनक्रमांक, सही, तारीख. पुढे कोरं. दोन्ही भाग. एक आकडासुद्धा नाही.

घरी आले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. विचारलं, येत नव्हतं?

"सगळं येत होतं."

उत्तरपत्रिका दुपारीच विद्युल्लताबाईंना दाखवली होती. त्या म्हणाल्या होत्या, "घरी ने. पोरीकडून लिहून घे. मी काही बघितलं नाही."

लिहून घेतलं नाही. लाल पेनाने शून्य घातलं, दोन्हींवर. खाली सही केली. चाळणीच्या यादीत नाव चढवलं.

अप्पा चहा पीत होते. गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. सगळ्यात वर तिचा पेपर.